दोन बोटं खाली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत, घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. सगळे त्यांना मिनिटकाका म्हणतात, कारण कोणी काहीही विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर "एक मिनिट" असतं आणि ते मिनिट कधीकधी पाऊण तास चालतं. माझ्याहून आठच वर्षांनी मोठे असतील, पण मीही त्यांना काकाच म्हणतो. मोटरसायकली दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. या तीस वर्षांत ज्यांनी माझं डोकं खाल्लं त्यांची यादी केली, तर पहिल्या चार नंबरांवर मिनिटकाकाच येतील.

दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, एक स्टूल आणि भिंतभर घड्याळं. त्यातली निम्मी बंद, आणि जी चालू आहेत ती सगळी एकच वेळ दाखवतात, म्हणून गिऱ्हाइकाला भांडायला जागाच उरत नाही. काका डोळ्याला भिंग लावून टेबलावर झुकलेले असतात. मान वर न करता बोलतात. त्यांच्याशी बोलणं म्हणजे त्यांच्या टकलाशी बोलणं, हे मी फार पूर्वीच मान्य करून टाकलं होतं.

लोक आता त्यांच्याकडे सेल बदलायला नाहीतर पट्टा लावायला येतात. खरं काम उरलंय ते चार मोठ्या घड्याळांचं. कोर्टाचं, बाजाराच्या इमारतीचं, जुन्या कॉलेजचं आणि गावाबाहेर पाणी शुद्ध करतात तिथल्या मनोऱ्यावरचं. दर शनिवारी या चारही घड्याळांना चावी द्यावी लागते, नाहीतर रविवारी ती थांबतात. सगळी फेरी साठ किलोमीटरची. पाण्याच्या मनोऱ्याकडे बस जात नाही, त्यामुळे सोळा वर्षांची मोटरसायकल हाच आधार. काका मला एकदा म्हणाले होते, "मिस्त्री, ही चार चालू आहेत तोवर मी घड्याळजी. त्यानंतर मी नुसता सेल बदलणारा."

तर हे काका एका सोमवारी गाडी ढकलत माझ्या दारात आले आणि म्हणाले, "हँडल बदलायचंय."

"वाकलंय का?"

"नाही. हे मला उंच पडतं. रेसच्या गाड्यांना असतं तसं पाहिजे. पुढे आणि खाली."

मी हातातला पाना खाली ठेवला. कॉलेजची पोरं असलं काही मागतात तेव्हा मी समजू शकतो. टाकीवर पोट टेकून, कोपरं बाहेर काढून, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असतं त्यांना. पण एकसष्ट वर्षांचा माणूस?

"काका, या वयात हे काय काढलंत?" मी हसलो. माझं हसणं रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेलं असणार, कारण तोही बाहेर येऊन हसायला लागला.

"एक मिनिट," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. कागदावर हँडलचं चित्र! समोरून, बाजूने आणि वरून. प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये, बारीक पेन्सिलीने लिहिलेलं. आता सांगा, तीस वर्षं पाना धरणाऱ्या माणसाला कोणी असा कागद दिला तर त्याचं डोकं फिरणार नाही का?

मूळ हँडल म्हणजे एकच आडवी नळी असते, सायकलसारखी. रेसवालं हँडल म्हणजे दोन वेगळे तुकडे. पुढच्या शॉकअपच्या दोन दांड्यांवर एकेक तुकडा पकडीने आवळायचा. त्याला क्लिप-ऑन म्हणतात. जितकं खाली सरकवाल तितका माणूस पुढे वाकतो, आणि सगळा भार मनगटांवर येतो. घड्याळजीच्या मनगटांवर! मी त्यांना हे सांगितलं. मुंग्या येतील, हात थरथरतील, मग घड्याळातली केसासारखी स्प्रिंग कशी धरणार?

"कागदाप्रमाणे लावा," एवढंच म्हणाले.

मी लावलं. पण कागदाप्रमाणे नाही. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, आपलं तर आहे. दोन बोटं वर लावलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. कोणाला कळणार आहे? असं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत करतो. गिऱ्हाईक खूश आणि मला झोपही नीट लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर काका उभेच. हातात घड्याळवाल्यांची मोजपट्टी, जिने केसाची जाडीसुद्धा मोजता येते.

"एकतीस मिलिमीटर वर आहे," म्हणाले. "उजवीकडे एकतीस, डावीकडे साडेतीस."

मला लाज वाटायला हवी होती. लाज वाटण्याऐवजी मला राग आला. एखादा माणूस बरोबर असतो आणि वर ते अर्ध्या मिलिमीटरने सिद्धही करतो, तेव्हा मला जास्तच राग येतो. मी म्हटलं, "काका, गाडी मला कळते. तुमच्या भल्यासाठीच वर लावलंय. आणखी खाली मी लावणार नाही."

"एक मिनिट..."

"मिनिट नाही आणि सेकंदही नाही. लावणार नाही म्हणजे नाही."

काकांनी कागदाची घडी घातली, गाडीला किक मारली आणि गेले. घरी जाऊन त्यांनी ते स्वतःच खाली सरकवलं. घड्याळजीच तो. पकड सैल केली, कागदावरच्या मापाला हँडल आणलं, पुन्हा आवळलं. काम इतकं सुबक की मला हेवा वाटावा. फक्त गाडी म्हणजे घड्याळ नाही. हँडल खाली गेलं की ॲक्सिलेटरची वायरही नव्याने फिरवून घ्यावी लागते. ती तशीच राहिली आणि दांड्यांवरच्या पट्टीमागे अडकली. सरळ रस्त्यावर काही कळायचं नाही. पण हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की वायर ओढली जायची आणि गाडी आपोआप रेस व्हायची.

शनिवारी पाण्याच्या मनोऱ्याच्या फाटकात वळताना तेच झालं. गाडी काकांच्या हाताबाहेर उसळली आणि भिंतीला जाऊन धडकली. आरसा गेला, पुढच्या दिव्याची काच गेली, काकांचा गुडघा सोलवटला. तशाच गुडघ्याने ते मनोऱ्याचे सगळे जिने चढले, चावी दिली, आणि मग चौकीदाराने त्यांच्या मुलीला फोन लावला.

सोमवारी मुलगी आली. ती शाळेत शिकवते, त्यामुळे समोरचा माणूस कितीही मोठा असो, गृहपाठ न केल्यासारखाच वाटायला लागतो. गाडी टेम्पोतून आणली होती. मागून काका लंगडत उतरले.

"मिस्त्रीकाका, ही विकायची आहे. गिऱ्हाईक बघा."

"अगं, पण माझी घड्याळं..." काका म्हणाले.

"घड्याळं दुसरं कोणीतरी बघेल. बाबा, या वयात तुम्हाला रेसच्या गाड्या सुचतायत! शेजारीपाजारी हसतात मला. आणि तुम्हीसुद्धा," ती माझ्याकडे वळली, "त्यांनी मागितलं आणि तुम्ही लावून दिलंत?"

आता मी काय सांगू? दोन बोटं वर लावलं होतं हे सांगावं की का लावलं ते सांगावं? मी फुटलेल्या दिव्यात उरलेली काच काढायला लागलो. पण काका माझ्याकडे बघत होते. माझ्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यानेच मला जास्त टोचलं. मी म्हटलं, "ताई, एकदा शेवटचं नीट बसवून देतो. वायर नव्याने फिरवतो. मग तुम्ही स्वतः बघा. पटलं नाही तर विकून टाकू."

"एकदाच," ती म्हणाली. "जमलं नाही तर आजच विकायची."

तासाभरात मी वायर मोकळी केली, ब्रेकचा पाइप सरळ केला, हँडल दोन्ही टोकांना फिरवून पाहिलं. मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. ज्यांना नवं हँडल लावायचं असतं त्यांना मी गाडीवर बसवतो, डोळे मिटायला लावतो आणि सांगतो, आता हात पुढे करा, जिथे आरामात पडतील तिथे पडू द्या. हात जिथे थांबतात तिथे हँडल. कागदाच्या रागात मी हे विसरलो होतो.

काका बसले. मी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं. मुलगी बाजूला हाताची घडी घालून उभी होती.

"डोळे मिटा. हात पुढे."

हात पुढे आले आणि खाली गेले. मी लावलं होतं त्याच्याही खाली, कागदावरच्या मापाच्याही खाली. माझी पुन्हा सटकली. हा माणूस आपला हट्ट काही सोडत नाही!

"काका, मुद्दाम वाकू नका. मुलगी बघतेय. जरा सरळ बसा."

"बसलोय," काका म्हणाले.

मी चाक सोडलं आणि बाजूला जाऊन पाहिलं. पाठ मानेपासून कमरेपर्यंत गोल. टेबलावर असते तशीच, पण समोर टेबल नव्हतं. मी पाठीवर हात ठेवून हलकेच मागे रेटलं. ती हलली नाही.

"बाबा, नीट बसा ना," मुलगी म्हणाली, पण आवाज शाळेतला नव्हता.

"अगं, यापेक्षा सरळ होत नाही ती. दोन वर्षं झाली." काकांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "जुन्या हँडलवर बसलं की मागे ओढल्यासारखं होतं. मनोऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर डोळ्यांत पाणी यायचं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर गाडी ठेवली असतीस?"

रोज त्यांच्या दुकानावरून जाणारा मी, तीस वर्षं माणसांची अंगं बघून गाड्या बसवणारा मी, आणि झेरॉक्सवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसलो होतो. मला स्वतःचीच किळस आली. मी पाठीवरचा हात काढून घेतला.

मुलगी त्या पाठीकडे बघत होती. मग पुढे आली, काकांचे हवेतच राहिलेले हात तिने मनगटांपाशी धरले आणि मला विचारलं, "मिस्त्रीकाका, इथपर्यंत येईल का हो हँडल खाली?"