ताटलीखालची रेघ

थळच्या आमच्या कौलारू घरात पाळणा टांगायची जागा एकच आहे: ओटीवरच्या तुळईला बसवलेली लोखंडी कडी. त्यामुळे ताईच्या मुलीच्या बारशाला पाळणा कुठे बांधायचा, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न उशाकडच्या भिंतीने उभा केला. बारशाच्या आदल्या सकाळी बाबांनी त्या भिंतीवर तीन ताटल्या टांगल्या.

बाबा उमेदीच्या काळात जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरीला होते. कुठकुठल्या बंदरांतून आणलेल्या या चिनी मातीच्या ताटल्या, निळ्या वेलबुट्टीच्या आणि चांगल्या जड, फुटतील या धास्तीने आईने जुन्या लुंग्यांत गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या होत्या. आता ताईच्या सासरची माणसं येणार, तर त्या दिसायलाच हव्यात, असं बाबांनी ठरवलं. टांगण्यासाठी स्प्रिंगच्या तारा त्यांनी आणल्या होत्या. पण खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं हे आमच्या अंगणातली सायकलसुद्धा सांगू शकते. म्हणून तारा बाजूला ठेवून त्यांनी तंगूस घेतला. मासेमारीचा हा नायलॉनचा दोरा आमच्या गावात चष्म्याच्या दांडीपासून कपड्यांच्या वळणीपर्यंत सगळ्याला चालतो. त्यांनी तो ताटलीभोवती आडवा-उभा गुंडाळला, मागे गाठ मारली आणि वरचा फास खिळ्यात अडकवला.

नायलॉनचे धागे ताणून पाहणं हेच प्रयोगशाळेतलं माझं रोजचं काम. सतत भार राहिला की हा पदार्थ तुटण्याआधी हळूहळू लांबतो, आणि लांबलेला फास गुळगुळीत काठावरून सहज सरकतो, हे मला ठाऊक होतं. मधली ताटली नेमकी त्या जागेच्या वर होती जिथे उद्या बाळाचं डोकं असणार होतं.

"बाबा, मधली तरी काढा."

"अगो बाय, याच्यानं घोळ वडलीय मी, माझ्याएवढी. ताटली काय घोळीपेक्षा जड हाय?"

"मासा थोडा वेळ ओढतो. ताटली दिवसरात्र ओढते."

"तुझ्या पुस्तकातला दोरा येगला, हा येगला," असं म्हणून ते मांडवाचे बांबू बघायला निघून गेले.

वाद घालण्यापेक्षा मोजलेलं बरं. मी प्रत्येक ताटलीच्या खालच्या काठाला लागून भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ ओढली. बारशाच्या सकाळी पाहिलं, तर दोन रेघा दिसत होत्या. मधली रेघ ताटलीच्या काठामागे झाकली गेली होती. बाबांना हात धरून आणून दाखवलं.

"भिंत वर गेली असंल," ते म्हणाले; पण हसले नाहीत. एवढ्यात पाहुण्यांची गाडी दारात आली आणि त्यांना जावं लागलं. यजमान म्हणून अभिमानाने लावलेली वस्तू पाहुण्यांसमोर उतरवणं त्यांना जमणार नव्हतं, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ती काढणं मला.

पाळणा सुरू होईपर्यंत मी एक गोष्ट विचारातच घेतली नव्हती. तुळईचं एक टोक त्याच भिंतीत गाडलेलं आहे. बायकांनी गाणं धरलं, पाळण्याला पहिला झोका दिला, तुळई किंचित कुरकुरली आणि तिच्यामागोमाग भिंतीवर अगदी हलका आवाज झाला: किण. पुढच्या झोक्याला पुन्हा. गाण्यात तो कुणालाच ऐकू येत नव्हता. मला मात्र गाणं ऐकू येईनासं झालं. बारसं मध्येच थांबवायला सांगितलं असतं तर अपशकुन केल्याचा ठपका ताईच्या माथी बसला असता. मी पाळणा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरले, पाठ भिंतीला लावली आणि हात डोक्यावर नेऊन ताटलीचा काठ धरून ठेवला.

"मावशे, भिंत पडते काय गो?" शेजारची काकू ओरडली.

"नवस बोललीय वाटतं. ऱ्हाऊ दे उभी!" दुसरीने जोडलं. सगळ्या हसल्या. ताईच्या सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

बाळाला पाळण्याखालून-वरून देण्याघेण्याचा खेळ सुरू झाला. प्रत्येक वेळी ते इवलं डोकं माझ्या कोपराखालून जात होतं. माझे खांदे भरून आले, बोटांना घाम सुटला, आणि चिनी माती ओल्या बोटांत किती निसरडी होते हेही कळलं. आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकली, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, पाळणा जोरात हलला. माझ्या तळहातांवर वजन आलं. ते ताटलीचं होतं की माझ्या थकव्याचं, हे मी आजही सांगू शकत नाही.

"सोड, बाय. धरलीय मी."

बाबा कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नव्हतं. सगळ्यांच्या देखत त्यांनी मधली ताटली खिळ्यावरून उतरवली, मग उरलेल्या दोन्ही. "नातीला खेळायला देतो," एवढंच ते पाहुण्यांना म्हणाले. त्यावर सासूबाईसुद्धा हसल्या.

संध्याकाळी त्यांनी गाठी तपासल्या. तिन्ही शाबूत होत्या. त्यांनी त्या मला दाखवल्या, पण मी चुकले असं म्हणाले नाहीत. ताटल्या आता समोरच्या भिंतीवर आहेत, तंगुसावरच. मात्र प्रत्येकीखाली बोटभर जागा सोडून बाबांनी सागाची पट्टी ठोकली आहे आणि त्या जागेत, ताटलीच्या काठाला लागून, स्वतःच्या हाताने, जरा वाकडी, पेन्सिलची रेघ ओढली आहे.

मी प्रयोगशाळेत परतले. त्यांचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य तब्येतीचं नसतं.

"रेघ दिसते," ते म्हणतात.

ते खरंच उठून पाहतात का, हे मी अजून विचारलेलं नाही.