दुकान भावाचं आहे

मिक्सर, कुकर आणि इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडर दुरुस्त करणारी बाई आमच्या भागात मी एकटीच. हैदराबादच्या कडेची आमची नगरपालिका जिथं संपते तिथं माझं एका शटरचं दुकान आहे. आधी मी सिकंदराबादला एका सर्व्हिस सेंटरात तक्रारी लिहून घ्यायचे. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की आत मेकॅनिकच्या शेजारी जाऊन बसायचे. तिथंच काम शिकले. सेंटर बंद पडलं तेव्हा हे दुकान भाड्यानं घेतलं. घरमालकाला करार पगारदार माणसाच्या नावावर हवा होता, म्हणून माझ्या धाकट्या भावानं सही केली. तो शहरात नल्लकुंट्याला राहतो, एका हॉस्पिटलाच्या ऑफिसात नोकरी करतो. त्याच्या हाताला ग्रीस कधी लागलेलं नाही.

एका दुपारी गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेली एक मुलगी दारात उभी राहिली. नगरपालिका छोट्या धंद्यांना मदत करणार आहे, त्यासाठी नोंद करतोय, असं म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातात मोजायची टेप होती. माझी नजर त्या टेपवरच.

नावं लिहून घेणारं माणूस मदत करायला आलं, असं मी तोवर पाहिलेलं नव्हतं. माझे वडील परभणीकडून रेल्वेत लागून इथं आले. लहानपणी आमच्या वस्तीतही अशीच नावं लिहून नेली होती. पक्की घरं मिळणार म्हणाले. थोड्याच दिवसांत भिंतींवर लाल रंगाचे नंबर पडले, आणि मग आमची अख्खी ओळ पाडली. आई भांडी घेऊन रस्त्यावर बसली होती, ते मला दिसतं.

"मॅडम, दुकान आपकाच है ना?" मुलीनं विचारलं.

"नै, मेरे भाई का है. मैं सिर्फ बैठती हूँ."

माझ्या मांडीवर उघडा मिक्सर होता आणि बोटं काळी. तिनं ते पाहिलं, तरी भावाचं नाव विचारलं, नंबर विचारला. एकदा खोटं बोललं की पुढचंही द्यावं लागतं. मी दिला. तिनं शटरची रुंदी मोजली आणि शेजारी गेली.

शेजारी एका तेलुगू बाईचा करी पॉइंट आहे. तयार भाज्या आणि सांबार पिशवीत बांधून विकते. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्कानं त्या मुलीला स्टुलावर बसवलं, सगळी उत्तरं दिली, शिवाय चुलीजवळ नेऊन पातेलीसुद्धा दाखवली. मुलगी गेल्यावर मी तिला रागावले. "एवढं सगळं कशाला सांगायचं? उद्या रस्ता रुंद करतील, नाहीतर विजेचं मीटर कमर्शियल करतील."

अक्का तेलुगूत म्हणाली, "माझ्याकडून नेतील काय? सांबार?"

पुढं कितीतरी दिवस मी सकाळी शटर उघडायच्या आधी भिंत बघायचे. एकदा खांबाजवळ खडूची खूण दिसली तेव्हा शटर तसंच ठेवून मी शेजारीपाजारी विचारत सुटले. ती केबलवाल्यानं केलेली निघाली.

मग अक्काला नगरपालिकेतून बोलावणं आलं. छोट्या धंदेवाल्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं. तिथून ती फोटोचं ओळखपत्र घेऊन आली. मी ते उलटून पालटून पाहिलं, मागचं बारीक अक्षरसुद्धा वाचायचा प्रयत्न केला. काहीतरी गोम असणारच, असं मला वाटत राहिलं. आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन आला.

"ताई, मी मिक्सर कधीपासून दुरुस्त करायला लागलो?"

त्याला नगरपालिकेतून फोन आला होता. सरकारी वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांतले ग्राइंडर आता इथल्याच कारागिरांकडून दुरुस्त करून घ्यायचं ठरलं होतं. कारागिरांच्या यादीत त्याचं नाव होतं. माझं नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत गेले. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तेव्हा तुम्हीच सांगितलंत ना, दुकान भावाचं म्हणून? आता काम निघालं, तर तुमचं झालं?"

मी तिथून हलले मात्र नाही. बाई चुकीचं काहीच म्हणत नव्हत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "भावाचं लिहून आणा. धंदा बहीण चालवते, माझी हरकत नाही, असं. स्टँप पेपरवर."

बाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून मी कागद करून घेतला. तेलुगूत होता. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, भावाचंही तसंच. कागदाचा फोटो काढून भावाला पाठवला. त्यानं पाहिला, पण उत्तर आलं नाही. फोन केला तर म्हणाला, "बघतो." दोन दिवसांनी पुन्हा केला, तर विचारतो, "एकूण वसतिगृहं किती आहेत गं?"

त्या प्रश्नानं माझी झोपच उडाली. हा कशाला मोजतोय? करार त्याच्या नावावर, यादीत नावही त्याचंच. एखादा मेकॅनिक ठेवून तो उद्या माझ्याच दुकानात मालक म्हणून बसू शकत होता. ज्याला मी शाळेत बोट धरून नेलं, त्या भावाबद्दल मी हे मनात आणत होते, आणि तरी थांबवता येत नव्हतं. करार कपाटातून काढून मी दुकानातल्या पेटीत आणून ठेवला.

रविवारी तो आला. स्टुलावर बसला, पण चहा घेईना.

"ताई, खरं सांग. ह्या कागदात काय आहे?"

"हरकत नाही म्हणून लिहिलंय."

"तू वाचलंस?"

"मला कुठं येतं?"

"मग तू काही कर्ज काढलंस आणि त्याला मी जामीन, असं असलं तर? म्हणून विचारलं किती वसतिगृहं आहेत. एवढं मोठं काम घ्यायला पैसे कुठून आणणार तू?"

 आठ दिवस आम्ही दोघं एकाच कागदाला भीत होतो, आणि एकमेकांनाही.

मी अक्काला हाक मारली. ती झारा हातात घेऊनच आली. मग ती एकेक ओळ वाचायची आणि भाऊ मान डोलवायचा. एका शब्दाशी अडला, तेव्हा तिनं दोनदा समजावून सांगितलं. कागदात कर्ज नव्हतं, जामीन नव्हता.

"हे आधीच वाचून दाखवायचं होतंस," तो म्हणाला.

"तू आधी विचारायचं होतंस."

त्यानं सही केली. तरी मोबाइलवर दोन्ही पानांचे फोटो काढून घेतलेच. मला लागलं ते. पण पेटीत करार दडवून ठेवणारी मी कोणत्या तोंडानं बोलणार? पेटीचं त्याला अजून सांगितलेलं नाही.

यादीत नाव बदलायला आणखी महिना गेला. मग मुलींच्या एका वसतिगृहाचं पहिलं काम आलं. ग्राइंडर कमरेएवढा मोठा, रिकामा असला की दगड फिरायचा, तांदूळ घातले की अडायचा. तिथल्या वॉर्डनबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि उठेचनात. मी चांगली मोटर बदलून नेईन असं त्यांना वाटत असणार. मला राग आला नाही. झिजलेला बेल्ट काढून मी त्यांच्या हातात दिला, नवा दाखवला आणि मगच बसवला. बटण दाबलं. मागून स्वयंपाकीणबाई भिजवलेल्या तांदळाची बादली घेऊन आली आणि म्हणाली, "सरका जरा, शंभर पोरींचा नाश्ता आहे."