कोणाक इचारून?

वकीलमावशींना फोन उचलता यायचा, बंद करता यायचा नाही. बोलणं संपलं की त्या तो तसाच टेबलावर ठेवत आणि पलीकडच्या माणसाबद्दलचं आपलं मत मोठ्यांदा सांगत. "मेलो बोलाक लागलो की थांबणाच नाय," हे मत सावंतवाडीतल्या निम्म्या वकिलांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मी त्यांची ज्युनियर. धावत जाऊन लाल बटण दाबणं हे माझं पहिलं वकिली काम. अशा बाईंनी ऑनलाइन छळाविरुद्धच्या कायद्यासाठी सूचना पाठवल्या, हे सांगितलं की जुने पक्षकार अजून हसतात.

कोर्टात त्या शुद्ध मराठी बोलत, इतकी शुद्ध की साक्षीदार दचकत. पायऱ्या उतरल्या की मालवणी सुरू. आणि मालवणीतला त्यांचा ठरलेला प्रश्न एकच, "कोणाक इचारून?" कुंपणावरून जास्वंद तोडणाऱ्या शेजारणीला तोच, चहात जास्त साखर घातली तर मलाही तोच. एका पुढाऱ्याने वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुक म्हणून त्यांचा फोटो छापला, तेव्हा त्या भर बाजारात फलकाखाली उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाच प्रश्न विचारत राहिल्या. संध्याकाळच्या आत फलक उतरला. मला तेव्हा त्यांची थोडी लाजच वाटली होती.

मग आरोंद्याची ती मुलगी आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. चुलतबहिणीच्या लग्नातला तिचा हिरव्या साडीतला फोटो कुणीतरी उचलला होता आणि खाली तिचा नंबर व एक घाणेरडी ओळ लिहून सगळीकडे पसरवला होता. दिवसभर परक्या पुरुषांचे फोन येत होते. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने फोटो नीट निरखून सांगितलं होतं, "यात अश्लील काही नाही. अंगभर साडी आहे. कलम कुठलं लावू?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. बोलत होता तो बाप. "मावशी, मी तिचो फोनच फोडून टाकलंय. आता कॉलेजात पण धाडणंय नाय."

मावशींनी चष्मा काढला. "तिचो फोन फोडलंस, तो कोणाक इचारून?"

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. त्या क्षणापासून मला त्या प्रश्नाची लाज वाटेनाशी झाली.

मावशींनी फोनवरून मागे लागणाऱ्यांनाही लागू होणारं पाठलागाचं कलम शोधून पोलिसांना तक्रार लिहून घ्यायला लावली. तो फोटो सगळीकडून निघायला अकरा दिवस लागले, आणि बापाला समजवायला त्याहून जास्त. मुलगी कॉलेजात जायला लागली, पण हवालदाराचं ते वाक्य मावशींच्या डोक्यातून जाईना. नेमक्या त्याच सुमारास ऑनलाइन छळाविरुद्धच्या नव्या कायद्याचा मसुदा आला आणि लोकांकडून सूचना मागवल्या गेल्या. मावशींनी पहिल्याच पानावर पेनाने गोल केला. मसुद्यात लिहिलं होतं, 'महिलेचे अश्लील छायाचित्र'. "हाच तो हवालदार," त्या म्हणाल्या. "हयसर, ह्या पानार येऊन बसलो."

त्यांची सूचना साधी होती. 'अश्लील' काढा, 'तिच्या संमतीविना' घाला. पण साधं सांगताना त्या येरझाऱ्या घालत, तापत, आणि तापल्या की मालवणीवर येत. मी टाइप करत होते. शेवटच्या दिवशी शेवटच्या घटकेला मी तो मजकूर पाठवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला. तिसऱ्या पानावर, शुद्ध मराठीच्या मधोमध, जसंच्या तसं राहिलं होतं: 'फोटो सभ्य की असभ्य ता मागीर बघूया. आधी सांगा, लावलो कोणाक इचारून?'

मी रडतच कबुली दिली. मावशी इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला. "बरा झाला गो. निदान तेवढा तरी वाचतले."

आणि खरंच, मसुदा करणाऱ्या समितीने वाचलं. या वाक्याचा अर्थ समजावून सांगा, असं बोलावणं आलं. बैठक संगणकावरच होती. मावशी आधी मला घेऊन बसने आरोंद्याला गेल्या. "तुझी गोष्ट सांगू? नाव घेवचंय नाय," त्यांनी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "नाव नको. पण हिरवी साडी सांगा. माका ती साडी आवडता."

परतीच्या बसमध्ये मावशी नुसत्या हसत होत्या.

बैठकीत त्यांनी साडी सांगितली, हवालदार सांगितला, फुटलेला फोनही सांगितला. बोलणं संपल्यावर नेहमीप्रमाणे त्यांना बंद करता आलं नाही आणि समितीबद्दलचं मत समितीलाच ऐकू गेलं. सुदैवाने ते चांगलं होतं.

सुधारलेला मसुदा आला तेव्हा मावशी अंथरुणाला खिळल्या होत्या. मी कागद घेऊन गेले. त्यांनी भिंग धरून एकेक ओळ वाचली आणि 'संमतीविना' या शब्दावर बोट ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

"ह्या नुसता कागदार आसा," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "कायदो होवक वर्षां जातली. मगे ठाण्यात त्या हवालदाराक शिकवूक आणि वर्षां. तू आसस मा?"

"आसंय," मी म्हटलं.

"मगे बरा," म्हणाल्या, आणि कूस वळवून खरोखरच झोपल्या.

त्या गेल्याला आता वर्ष होईल. ती मुलगी नर्स झाली. कायदा अजून झालेला नाही, आणि मला त्याची घाई असली तरी धास्ती नाही. मावशींना दिलेला शब्द एकच आहे, 'आसंय', आणि तो पाळायला मला आवडतं.