अंड्याचा बलक आणि हिरवी माती

बाबा सिंगापूरला आले तेव्हा आईला जाऊन पाच महिने झाले होते. साताऱ्याच्या घरी त्यांनी एकट्यानं राहावं हे मला पटत नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्यांना इथं आणण्यात माया कमी आणि कर्तव्यच जास्त होतं. माझा त्यांच्यावर राग होता. शेवटच्या आजारपणात आईनं मला फोनवर दोन-तीनदा सांगितलं होतं, की हे उशाशी बसतात, औषधं देतात, सगळं करतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. भिंतीकडे बघून बोलतात. माझी अशी दशा झालीय की तोंड बघवत नसेल त्यांना. हे सांगून ती हसायची. मी हसले नव्हते. सिंगापुरातल्या माझ्या वन-नॉर्थच्या ऑफिसात बसून मी ते ऐकलं आणि मनात ठेवून दिलं.

बाबा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवलं. स्थिरचित्र, निसर्गचित्र, भूमितीच्या आकृत्या. पण वर्ष संपत आलं आणि पोर्शन उरकला, की ते दोन तास फक्त रेनेसान्सवर बोलत. परीक्षेत त्यावर एक टिपण यायचं, तेही ऐच्छिक. मासिकांतून कापलेली चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून ते वर्गात फिरवत. मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे ते दोन तास मलाही चुकले नाहीत. दहावीनंतर मी चित्रकला सोडली आणि कॉम्प्युटरकडे वळले. रेनेसान्सचं मूळ चित्र बाबांनी आयुष्यात एकही पाहिलं नव्हतं.

आमचा फ्लॅट सेम्बावांगला. मी आणि नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडायचो ते संध्याकाळी सात वाजता घरात. दिवसभर बाबा एकटे. मी त्यांच्यासाठी कागद, जलरंग, ब्रश आणून ठेवले होते. महिनाभर ते तसेच पडून राहिले. वाचत का नाही विचारलं तर म्हणायचे, चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं. मी म्हणायची, दाखवू या एकदा. ते राहूनच गेलं.

एका शनिवारी ते फ्रिजपाशी उभे होते. दार उघडं होतं.

"ही अंडी कुणाची?"

नवरा खातो, हे त्यांना माहीत होतं. मला वाटलं, आता विटाळाचं काही निघतंय.

"एक मिळेल का मला?" त्यांनी विचारलं. "टेंपरा करून बघायचा होता."

टेंपरा म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेला रंग. तैलरंग रुळण्याआधी इटलीतले चित्रकार लाकडी फळीवर यानंच रंगवत. बाबांनी हे पस्तीस वर्षं शिकवलं होतं. बलक कसा वेगळा करायचा, त्यात पाणी किती, रंगाची भुकटी किती, सगळं तोंडपाठ. स्वतः कधी केलं नव्हतं, कारण आईला घरात अंडं चालायचं नाही. शाळेत करायचं तर हेडमास्तरांना चाललं नसतं. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आधी फळी हवी होती. आमच्या मजल्यावर शेवटच्या घरात एक चिनी म्हातारे राहायचे, त्यांना सगळेच अंकल म्हणायचे. त्यांनी इथल्याच शिपयार्डात जन्म काढला होता. जहाजाचे सुटे भाग ओतायचे तर आधी त्यांचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तसे नमुने अंकल बनवायचे. त्यांच्याकडे जुनं, मुरलेलं लाकूड होतं. त्यांनी वीतभर रुंद आणि दीड वीत उंच असा तुकडा काढून रंधा मारून दिला. बाबांचं इंग्रजी शाळेपुरतं, अंकलचं इथल्या धाटणीचं, प्रत्येक वाक्याला शेवटी 'लाह' असं शेपूट. तरी दोघांचं जमलं. बाबांनी त्यांना फ्लॉरेन्सच्या शिल्पकारांबद्दल सांगितलं: आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मग भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं. अंकलनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आतली हवा कुठून जायची? हवेला वाट ठेवली नाही तर धातूत फुगे राहतात, माल फुकट.

पस्तीस वर्षांत हा प्रश्न बाबांना एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. अंकलनीच मग वर्तमानपत्राच्या कडेला मूर्ती काढून तिच्या अंगाला नळ्या कशा लावल्या असतील ते दाखवलं. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा मला दारातच सांगायला लागले, हवेच्या नळ्या, हवेच्या नळ्या. आई गेल्यापासून त्यांना मी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मी चपला काढत हं हं म्हटलं आणि कुकर लावायला गेले.

फळीवर त्यांनी खडूची भुकटी आणि सरस यांचे आठ थर दिले. एक वाळला की दुसरा. मग पॉलिश पेपरनं घासत बसले. बोटं फिरवून फिरवून घासायचे, डोळे भलतीकडेच. चार दिवसांनी ती फळी हस्तिदंतासारखी झाली. मग अंडं फोडलं. पांढरं गाळून बलक एका तळहातावरून दुसऱ्यावर घेत राहिले, प्रत्येक वेळी मोकळा हात फडक्याला पुसत, म्हणजे बलकाची पातळ कातडी कोरडी होते. मग ती कातडी चिमटीत धरून वर उचलली आणि मला म्हणाले, खालून सुई टोच. मी टोचली. बलक वाटीत गळला, रिकामी कातडी त्यांच्या चिमटीत राहिली.

चित्र माझं काढायचं ठरलं. दर शनिवारी जेवणं झाल्यावर मी खिडकीशी बसायची आणि ते समोर. पहिल्या दिवशी त्यांनी चेहऱ्याला नुसता हिरवा दिला. हिरव्या मातीचा रंग, फिका. माणसाच्या कातडीखाली हिरवट झाक असते, म्हणून ते इटलीतले चित्रकार आधी हिरवा थर द्यायचे आणि मग त्यावर गुलाबीच्या केसासारख्या बारीक रेघा. हा रंग लगेच वाळतो, पसरवता येत नाही, त्यामुळे एका गालाला हजार रेघा लागतात. हे सगळं सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या कानाच्या पलीकडे, खिडकीच्या चौकटीकडे बघत होते. मला आईचं बोलणं आठवलं आणि संताप आला. माझंही तोंड बघवत नाही का यांना?

तिसऱ्या शनिवारी मी उठून चित्र बघितलं. केस सुरेख होते. मानेचा बाक, खांदा, ओढणीच्या चुण्या. शाळेत त्यांनी फळ्यावर काढलेलं आठवावं इतकं अचूक. चेहऱ्याच्या मधोमध मात्र काही जुळत नव्हतं. एक डोळा खाली उतरला होता, नाक बाजूला गेलं होतं, ओठ दोनदा काढले होते, एकावर एक.

ते ब्रश पुसत होते. मग म्हणाले, "बिघडलंय ना?"

"बाबा, तुम्हाला दिसतंय ना नीट?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "कडेचं दिसतं," ते म्हणाले. "जिथं बघावं तिथलं दिसत नाही. मधे धुरकट ठिपका आहे. दीड वर्ष झालं. आधी बारीक अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. तुझी आई आजारी, त्यात हे कुठं सांगत बसू?"

मी खाली बसले.

"तिच्याकडे सरळ बघितलं की ती नाहीशी व्हायची," ते म्हणाले. "मग मी भिंतीकडे बघायचो. भिंतीकडे बघितलं की कडेनं दिसायची थोडी."

आई काय समजून गेली, ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. नंतरही कधी सांगितलं नाही. सांगून आता काय झालं असतं? पण माझा राग वर्षभर मी जपून ठेवला होता, तो कुठं ठेवावा ते मला कळेना. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगीच स्वच्छ भांडी घासत राहिले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. पडद्याचा मधला भाग झिजलाय, गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी हळुवारपणे सांगितलं. लवकर आला असता तरी या प्रकारात फारसं हाती नसतं, असंही म्हणाल्या. हे बहुधा माझ्यासाठी. बाबांनी एकच विचारलं, कडा राहतील का? राहतील, त्या म्हणाल्या.

त्याच सुमारास शहरातल्या एका संग्रहालयात इटलीहून काही जुनी चित्रं आली होती. मी रजा टाकून बाबांना घेऊन गेले. आठवड्याच्या मधला दिवस होता, गर्दी नव्हती. एका छोट्या फळीसमोर ते थांबले. माता आणि मूल, मागे सोनेरी वर्ख. बाबा जितकं जवळ जाऊ देतात तितकं गेले, मान वळवून कडेनं बघत राहिले. मग म्हणाले, "सांग."

"आई आहे, मांडीवर मूल आहे, मागे सोनं."

"तेवढं मलाही दिसतं. गालावर काय आहे?"

मी बघितलं. मला काही सांगता येईना. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं चित्रकला शिकलेली मी, आणि मला गाल म्हणजे गाल दिसत होता.

"उजेड कुठून येतोय ते बघ आधी," ते म्हणाले.

डावीकडून येत होता. मग उजव्या गालावर सावली दिसली. सावलीच्या कडेला रेघा दिसल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, खरंच केसासारख्या. आणि डोळ्याखाली, हनुवटीच्या कडेला, हिरवं. वरचा गुलाबी सहाशे वर्षांत उडून गेला होता आणि खालची माती वर आली होती. मी हे त्यांना एकेक करून सांगत गेले. ते मान हलवत होते.

"मुलाचा भार कुठं आहे?"

"डाव्या मनगटावर. मनगट थोडं वाकलंय."

"रेनेसान्सची सुरुवात तिथंच झाली," बाबा म्हणाले. ते मला बाकावर बसून सांगत होते, वर्गात सांगायचे तसंच, पण हळू आवाजात. त्याआधी देवाच्या आईला वजन नव्हतं, ती सोन्यावर तरंगायची. मग कुणीतरी आपल्याच गल्लीतल्या बाईकडे बघितलं, मूल घेतल्यावर तिचा हात भरून येतो हे बघितलं. जमिनीतून जुन्या रोमन मूर्ती निघत होत्या, त्यांच्या अंगावरचं वस्त्र कसं पडतं ते बघितलं. दूरच्या रेषा एका बिंदूत मिळतात, हे तर नंतर मोजून काढलं. आधी फक्त बघितलं.

आम्ही त्या एका चित्रासमोर तासाहून जास्त होतो. बाकीची बघितलीच नाहीत. निघताना त्यांनी माझा दंड धरला होता. ते माझ्या बाजूनं चालत होते, म्हणजे त्यांना मी दिसत असणार.

माझं चित्र आम्ही पूर्ण करायचं ठरवलं. मधला चेहरा खरवडून पुन्हा हिरवा दिला, आता ब्रश माझ्या हातात. आरशात बघून मी रेघा मारायची आणि ते शेजारी बसून विचारायचे, किती झाल्या, कुठल्या दिशेनं, ब्रश पिळलास का? कपाळ जमलं. गाल दोन वेळा बिघडला. त्यांचा इथं राहण्याचा पास संपत आला आणि मुदत वाढवायला त्यांनी नकार दिला. इथं सगळं सरळ बघावं लागतं, साताऱ्यात मला कडेनं सगळं पाठ आहे, असं म्हणाले. आत्या शेजारीच राहते, ती बघेल.

ते गेल्यावर आमचा एक नेम झाला. रविवारी मी एखादं चित्र समोर घ्यायची, छापलेलं किंवा लॅपटॉपवर, आणि फोनवर त्यांना वर्णन करून सांगायची. उजेड कुठून, भार कुठं, सावलीची कड धारदार की धुरासारखी विरलेली. चुकलं तर ते म्हणायचे, पुन्हा बघ. आठ-नऊ महिने हे चाललं. माझ्या लहानपणापासून आमचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

एका रविवारी फोन आत्यानं उचलला. दुपारी जेवून पडले होते, ते उठले नाहीत.

मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दहाव्याला त्यांचे काही विद्यार्थी आले. त्यांतला एक आता सराफी दुकान चालवतो. तो म्हणाला, सरांनी एकदा आम्हाला सांगितलं होतं की सोन्याचा वर्ख फुंकर मारून बसवतात, श्वासातल्या ओलाव्यानं. ते का सांगितलं ते कळलं नव्हतं, पण लक्षात राहिलं.

सेम्बावांगला परतल्यावर लिफ्टपाशी अंकल भेटले. फादर कसे आहेत, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. लिफ्ट आली आणि निघूनही गेली, आम्ही दोघं तिथंच उभे होतो. मग ते म्हणाले, तुझ्या वडिलांचे हात चांगले होते.

चित्र अजून माझ्याकडे आहे. कपाळ गुलाबी, त्याखाली सगळं हिरवं. लोकांना वाटतं तीच शैली आहे. मी ते पुढं नेलं नाही. डावा गाल कुठल्या दिशेनं भरायचा, हे त्यांना विचारायचं राहिलं होतं. ऑफिसच्या कामानं आता परदेशी जाणं होतं, कुठं जुनी चित्रं असली की आत शिरते. आपोआप उजेड शोधते, मनगट शोधते, हनुवटीखालचं हिरवं शोधते. सगळं दिसतं. मग उभी राहते थोडा वेळ, आणि बाहेर येते.