पनवेल ते मोरा, परत जासईवरून

डिसेंबरातल्या एका रविवारी आईला घेऊन उरणजवळच्या मोऱ्याला जायचं ठरवलं. कशासाठी, ते तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

गेल्या वर्षी माझा मोठा भाऊ जासईजवळ गेला. अंधारात रस्त्याकडेला ट्रेलर उभा होता, त्याचे मागचे दिवे बंद होते, आणि दादाची बाइक त्यावर आदळली. तेव्हापासून आई वेळेवर गोळ्या घेते, समोर ठेवलं तर जेवते, आणि नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसते. समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं, रोज आवडीची एक छोटी गोष्ट करायला लावा. मी आईला विचारलं, तुला काय आवडतं? ती म्हणाली, "काय नाय."

मी कारखान्यात दाबमापकांचं काम करते. काटा शून्यावर दिसला की आधी बघायचं असतं, दाब खरंच नाही की मध्ये नळी तुंबली आहे. मोऱ्याची सहल मला त्यासाठी हवी होती.

मोऱ्याला आईची धाकटी बहीण राहते, शेवंतामावशी. बंदराजवळ मासळी सुकवते आणि विकते. दोघींचं बोलणं बंद होतं. आमच्याकडे सुतक फिटलं की माहेरची माणसं मासळी घेऊन येतात, दुःखातल्या घरात ती शिजवतात आणि घरच्यांना बळेबळे खाऊ घालतात. त्याला तिखट म्हणतात. ते झाल्याशिवाय घरात मासळी येत नाही. मावशी पाटी घेऊन पनवेलला आली होती. आईनं दार उघडलं नाही, मलाही उघडू दिलं नाही. मावशी तशीच जिना उतरून गेली. आमच्या घरात त्यानंतर मासळी शिजलेली नाही.

पनवेलहून उरणला जायचा सरळ रस्ता जासईवरून जातो. मी रेल्वे निवडली. बेलापूरला गाडी बदलावी लागते. उरणच्या गाड्या मोजक्या आहेत, वेळापत्रक पाहूनच घरून निघा. एरवी प्रवास सोयीचा आहे, बसायला जागा मिळते, तिकीट स्वस्त. खाडी, तिवरं, मग मातीचे भराव, मग एकावर एक रचलेले कंटेनर. ज्यांना निसर्ग पाहायचा आहे त्यांनी डब्यात चढल्या चढल्या बाहेर बघून घ्यावं, पुढे फारसं काही उरत नाही.

कंटेनर दिसायला लागल्यावर आई म्हणाली, "यष्टीनं का नाय आणलंस?"

"ह्यात आराम आहे."

"हं," ती म्हणाली आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली.

उरण स्टेशनाबाहेर वडापाव बरा मिळतो. तिथून मोऱ्याला शेअर रिक्षा. मोऱ्याहून मुंबईला लाँचने जायचं असेल तर भरती-ओहोटी विचारून घ्या. ओहोटीला बंदरात नुसता गाळ असतो आणि लाँच लागत नाही. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटीच होती. होड्या चिखलात कलंडलेल्या. वास तुम्हाला आवडेल असं मी सांगणार नाही.

मावशी वलांडीपाशी, म्हणजे बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्यांपाशी, उभी राहून ओले बोंबील टांगत होती. आम्हाला पाहून तिनं हात थांबवले नाहीत.

"आली पनवेलची शेठाणी," ती म्हणाली. "इथं दार नाय, नायतर मीबी लावलं असतं."

मला वाटलं, संपलं, परतीची गाडी बघावी. मावशीनं पायानं टोपली आईकडे सरकवली. "हुबी काय ऱ्हायलीस? हात मोडलेत काय?"

बोंबील टांगायची पद्धत अशी: दोन मासे घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर सोडायची. गाठ नाही, आकडा नाही. मी करून पाहिलं, माझ्या जोड्या खाली पडल्या. आईनं पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला आणि कामाला लागली. तिच्या जोड्या पडत नव्हत्या. बहिणी शेजारी उभ्या राहून एकाच दोरीवर जोड्या सोडत होत्या.

मुंबईहून आलेलं एक जोडपं फोटो काढत होतं. त्यातल्या मुलीनं आईला विचारलं, "मावशी, हे असे एकमेकांत अडकवून का टांगतात?"

"नवरा-बायको हायत," आई म्हणाली. "भांडता भांडता तोंडात तोंड अडकलं. आता सुटत नाय."

मुलगी हसली. मावशी खो खो हसली. आणि आईही हसली, मोठ्यानं, पूर्वी हसायची तशी, खांदे हलवत.

मग ती थांबली. ओले हात तसेच धरून खाली दगडावर बसली. जोडपं गोंधळून निघून गेलं.

"मी हसले," ती म्हणाली. काहीतरी चोरताना सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. "तो ग्येला आन मी हसले."

"हसलीस," मावशी म्हणाली. "हसलीस म्हणून तो परत नाय मरत, बाय. आन रडलीस म्हणून येत पण नाय."

आईनं तिच्याकडे रागानं पाहिलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिनं घेतली नाही. मग तिनं उठून टोपलीतले उरलेले बोंबील टांगले.

मावशीचं घर जवळच आहे. जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मावशीनं पहिला घास आईच्या तोंडासमोर धरला. तिखट राहिलं होतं, ते ती आता उरकत होती. आईनं तोंड उघडलं, घास घेतला, गिळला. पुढे भाकरी कालवणात बुडवून खाल्ली, पण मासा ताटाच्या कडेला ठेवला. दादाला बोंबील आवडायचे. मावशीनं आग्रह केला नाही. निघताना केळीच्या पानात ओले बोंबील बांधून दिले.

उरणला आल्यावर मी स्टेशनकडे वळले. आई म्हणाली, "यष्टीनं जाऊ."

"आई, तो रस्ता..."

"म्हाईत हाय मला."

रस्ता रुंद आणि चांगला आहे. दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे असतात. बाइकवरून जाणार असाल तर उजेडात परत फिरा. ही सूचना मी उगाच देत नाही. जासईच्या पुढे आईनं विचारलं, "कुठं?" मी हातानं दाखवलं. दुभाजक, चहाची टपरी, टपरीसमोर टायरवर बसलेले दोन ड्रायव्हर. बस तिथे थांबली नाही. आई मान वळवून मागे पाहत राहिली.

"काहीच नाय तिथं," ती म्हणाली.

ह्या सहलीनं आई बरी झाली, असं लिहिता येणार नाही. सोमवारी ती दुपारपर्यंत अंथरुणातून उठली नाही. गोळ्या चालू आहेत. मावशीच्या हातच्या त्या एका घासानंतर बोंबील अजून तिनं खाल्लेले नाहीत. पण मंगळवारी मी कामावरून आले तेव्हा फ्रीजमधली पुडी संपली होती आणि खिडकीच्या ग्रिलला कपड्यांची दोरी बांधून तिच्यावर जोड्या टांगल्या होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर तोवर तक्रार आली होती: कोणाच्या तरी घरातून असह्य वास येतोय, कृपया लक्ष द्यावे.

मी ती आईला वाचून दाखवली. म्हटलं, काय उत्तर देऊ?

आई एक निसटलेली जोडी पुन्हा अडकवत होती. मागे न वळता म्हणाली, "सांग त्यांना, परवापर्यंत वाळतील. मग शेवंता आणिक देनार हाय."