विश्रांतीच्या खोलीबाहेरच्या चपला

आमच्या ऑफिसातल्या माणसांना सुखी करायचं काम माझ्याकडे आलं, ते केवळ हजेरीचं मशीन माझ्या टेबलाशेजारी आहे म्हणून. सोलापुरातल्या एका टॉवेल-चादरींच्या कारखान्याचं ऑफिस आमचं. मागं यंत्रमाग खडखडत असतात, पुढं आम्ही. मी तिथं इतकी वर्षं आहे की भिंतीवरचं घड्याळ सोडलं तर सगळ्यात जुनी वस्तू मीच.

धाकटे मालक पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि मला मोबाइलवर फोटो दाखवायला लागले. काचेच्या भिंती, टांगलेल्या कुंड्या, उंच स्टुलांवर बसून हसणारी माणसं.

"काकू, आपलं ऑफिसही असं करायचं. माणसाला इथं आल्यावर बरं वाटलं पाहिजे. तुम्ही लक्ष घाला."

"बरं वाटायला हवं असेल तर आधी पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावा," मी म्हटलं. "चार वाजता त्या रांगेतली माणसं भाजून निघतात."

"पडदा होईलच. पडद्याच्या पुढचा विचार करा."

मला तोंड फार आहे असं माझ्या घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण कुणी विश्वास टाकला की ते तोंड आपोआप मिटतं. मी हो म्हणून बसले.

मग कुंड्या आल्या आणि आमच्या उन्हाळ्यानं त्यांचा निकाल लावला. एकच झाड हिरवंगार राहिलं, ते प्लॅस्टिकचं होतं. माल गाड्यांत भरून पाठवणारे आमचे डिस्पॅचचे भाऊ, मूळचे जेऊरचे, त्याला रोज पाणी घालायचे आणि "बघा, जीव लावला की जगतं झाड" असं सगळ्यांना ऐकवायचे. त्यांना खरं सांगायला कुणी धजलं नाही. नंतर पोत्यासारख्या मऊ खुर्च्या आल्या. पहिल्या दिवशी भाऊच त्यात बसले, आणि मग दोघांनी हात धरून ओढेपर्यंत तिथंच राहिले. "बसायचं कसं ते दाखवलं," ते म्हणाले, "उठायचं कसं ते बी दाखवा की."

इथवर सगळी गंमत होती. पण एके दिवशी मी नमुन्यांच्या खोलीत टॉवेलचा एक रंग बघायला गेले आणि दार उघडेना. आतून कुणीतरी टॉवेलचे गठ्ठे लावून ते अडवलं होतं. आत आमच्या ऑफिसातली कुंभारीची पोरगी होती. बिलं करते ती, माझ्या समोरच बसते. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत आली होती. दूध काढायचं छोटं मशीन घेऊन ती गठ्ठ्यांवर अवघडून बसली होती, अंगावर घामाच्या धारा. शहराच्या त्या टोकाला तिचं गाव, या टोकाला आमचं ऑफिस. मधल्या सुट्टीत जाऊन यायचं म्हटलं तर दुपार रस्त्यातच संपली असती. लेकराला सासू सांभाळते. दूध काढलं नाही तर ते दाटतं, छाती दुखते, संध्याकाळी ताप भरतो, आणि लेकराला वरचं पाजावं लागतं.

"हितं पंखा बी न्हाय गं," मी म्हटलं.

"पंखा नसू दे काकू. कुणी यायचं न्हाय एवढं बघा."

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. हसऱ्या माणसांचे फोटो बघत आम्ही पोत्यांवर बसत होतो, आणि ही पोरगी टॉवेलच्या ढिगाआड चोरासारखी बसत होती. त्याच संध्याकाळी मी धाकट्या मालकांना सांगितलं की मला पडद्याच्या पुढचं सुचलंय. विश्रांतीची खोली करू. का, ते सांगितलं नाही.

खोली झकास झाली. मागच्या बाजूला, शांत, गार. खाली गादी, लोड, वर आपल्याच कारखान्याची मोराची चादर. आतून कडीला मात्र धाकट्या मालकांनी नको म्हटलं. कुणाला चक्कर आली तर आत कसं जायचं, हा त्यांचा मुद्दा. आणि दाराबाहेर चपलांचा रॅक. तो माझा हट्ट. चपला घालून गादीवर चढणं मला बघवत नाही. त्या रॅकवर मी स्वतः ओला फडका मारला होता, इतकी मी त्याच्यावर खूश.

इथं आमच्या थोरल्या मालकांबद्दल सांगायला हवं. हातमागावर बसून वर आलेला माणूस. घरी तेलुगू, आमच्याशी आमच्यासारखं. त्यांची केबिन अंगणापलीकडे, आणि तिला अर्धी दारं. खालून फट. केबिनमध्ये जाताना चपला बाहेर काढायच्या हा जुना रिवाज, त्यामुळे त्या फटीतून मालकांना माणूस दिसायच्या आधी चपला दिसतात. "या डिस्पॅच," "काय ताई, आज टाच दुखतीय व्हय?" असं आतूनच. उभ्या कारखान्याला ते चपलेवरून ओळखतात. रोज सकाळी आणि जेवणानंतर ऑफिसातून एक फेरी मारतात.

पहिल्यांदा खोलीत गेले भाऊ. जेवण झालं, जरा पाठ टेकली. बाहेर त्यांच्या करकरणाऱ्या कोल्हापुरी. मालकांची फेरी आली, चपला बघून थांबली. दारावर टकटक.

"डिस्पॅच, काय झालं ओ? पित्त?"

भाऊ बाहेर आले तर समोर मालक, आणि कँटीनमधून आलेलं लिंबू सरबत. आजारी माणसासारखं ते उभ्या-उभ्या प्यावं लागलं. पुन्हा ते काही त्या गादीकडे फिरकले नाहीत. हिशोबातल्या एकाला मालकांनी डॉक्टरकडे धाडायचं ठरवलं, त्याला काहीही झालेलं नसताना. मालकांच्या मनात पाप असतं तर भांडता आलं असतं. त्यांच्या मनात नुसती काळजी. दिवसाउजेडी आडवं होणारा माणूस आजारीच असणार, दुसरं काही त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

मग ती पोरगी गेली. बाहेर पिवळ्या फुलाची चप्पल. मालक आले.

"पोरी, बरं न्हाय का? रिक्षा बोलवू?"

"बरी हाय मालक," आतून आवाज.

पण मालकांचं समाधान होईना. ते दाराबाहेर उभेच. शेवटी ती बाहेर आली, पिशवी पोटाशी धरून, मान खाली. त्यांनी तिला ओल्या बाळंतिणीनं खावा म्हणून डिंकाच्या लाडवाचा उपदेश केला, आणि मला बाजूला घेऊन तिला टॉनिक लागतं का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती चपला आत घेऊन गेली. आता आमच्याकडे बाहेर चपला नाहीत म्हणजे आत कुणी नाही, हे लहान पोरालाही कळतं. खोली रिकामी समजून भाऊ नमुन्यांचं खोकं घडीभर आत ठेवायला आले, कोपरानं दार ढकललं. खोकं तिथंच पडलं. त्यानंतर कितीतरी दिवस भाऊ तिच्याशी भिंतीकडे बघून बोलायचे.

मी त्याच संध्याकाळी सुतार बोलावून कडी बसवून घेतली, धाकट्या मालकांना न विचारता. आता काम फत्ते, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मालकांची फेरी आली. चपला नाहीत आणि दार तर आतून बंद. त्यांनी दार वाजवलं. मग जोरात वाजवलं. "आत कोण हाय? पडलं-बिडलं का काय कुणी?" सगळं ऑफिस गोळा झालं. भाऊ दाराला खांदा लावायला पुढं आलेले, तेवढ्यात कडी निघाली. ती बाहेर आली, पदर ओढून घेतलेला, ब्लाउज ओला. तिला घाईत नीट आवरताही आलं नव्हतं. सगळे बघत होते आणि कुणाला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

टेबलाशी येऊन ती मला म्हणाली, "काकू, मला न्हाय जमायचं. मी काय चोरी करायलीय का? ह्या महिन्याला सोडते नोकरी."

तिनं नोकरी सोडली असती तर ती घरीच राहिली असती, पुन्हा कुणी तिला बाहेर पाठवलं नसतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही. बाळंत झाल्यावर कामावर परत यायचं म्हणून तिनं घरी किती दिवस लावून धरलं होतं, ते तिनंच मला सांगितलेलं.

मी तरातरा मालकांच्या केबिनकडे गेले. चपला काढल्या. आतून आवाज आला, "या ताई." मी आत गेले आणि माझी ती प्रसिद्ध जीभ टाळूला चिकटली. समोर बापासारखा माणूस. त्यांना दूध कसं म्हणायचं? मी म्हटलं, "त्या पोरीला रोज थोडा वेळ एकटीचं काम असतं." मालक म्हणाले, "कसलं काम?" मी म्हटलं, "असतं बायकांचं." मालक लाजले, मी लाजले, आणि मी पंख्याविषयी काहीतरी बोलून बाहेर आले. बाहेर येऊन चपला घालताना मला स्वतःचा इतका राग आला की डावी उजवीत गेली.

त्या रविवारी एक लग्न होतं. जेवून हॉलच्या बाहेर आले तर चपलांचा हा ढीग. माझी लवकर सापडेना. माझी ती टाचदुखीची जाड चप्पल, लांबून ओळखू येणारी, आणि मीच तिच्याभोवती फेऱ्या घालतेय. नवरा वैतागून रिक्षात जाऊन बसला. मी मात्र त्या ढिगासमोर उभी राहून हसायला लागले.

सोमवारी मी सगळ्यांना एकेक करून सांगितलं. घरात पडलेला जुना जोड आणायचा आणि त्या रॅकवर ठेवून द्यायचा. कायमचा. तो न्यायचा नाही, हलवायचा नाही. कारण कुणी विचारलं नाही. भाऊंना सगळ्यात आधी समजलं, आणि त्यांची बुद्धी अशी की गावाहून पिशवी भरून चपला घेऊन आले. त्यात एक जोड त्यांच्या मेव्हण्याचाही होता. रॅक भरला, खाली जमिनीवर रांग लागली. मी माझ्या टाचदुखीच्या चपला ठेवल्या आणि साध्या घालून बसले.

जेवणानंतर पोरगी पिशवी घेऊन गेली. पिवळ्या फुलाची चप्पल त्या गर्दीत घुसली आणि दिसेनाशी झाली. कडी लागली. आणि मालकांची फेरी आली.

ते थांबले. वाकून बघितलं. मी मागं उभी.

"ताई, एवढी माणसं आत?"

"हो मालक."

"डिस्पॅच बी?"

भाऊ त्यांच्या समोरच खुर्चीत बसले होते. त्यांनी मान हलवली. "आतच हाय मी."

"आन् तुमी?"

"मी पण."

मालकांनी माझ्या पायांकडे बघितलं, मग रॅककडे, मग बंद दाराकडे. आतून त्या मशीनची बारीक घरघर येत होती. घरात लेकीसुना असलेला माणूस. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि मला वाटलं आता बोलणार. पण ते वाकले, एका हातानं भिंत धरली, पायातल्या चामडी सँडल काढल्या आणि भाऊंच्या मेव्हण्याच्या जोडाशेजारी ठेवल्या.

"मालक, तुमी काय घालणार?" भाऊंनी विचारलं.

"राहू द्या की. मी बी आत हाय, असं समजा."

आणि ते उन्हातून अनवाणी, पाय उचलत उचलत, अंगण ओलांडून केबिनकडे गेले.

थोड्या वेळानं कडी निघाली. ती बाहेर आली, आपली चप्पल शोधायला खाली वाकली आणि त्या सँडलशी थबकली. त्या कुणाच्या, हे उभ्या कारखान्यात कुणाला सांगावं लागत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी हजेरीच्या मशीनकडे बघत राहिले.

ती येऊन समोर बसली, बिलं पुढं ओढली, आणि मान वर न करता म्हणाली, "काकू, सुतार पुन्हा आला की आत एक खिळा ठोकून घ्या. पिशवी अडकवायला लागती रोज."