सोळा सेकंद आणि मागची सीट

गाडीची मागची सीट मी स्वतःच्या हातांनी काढली आणि दुकानासमोरच्या लिंबाखाली नेऊन ठेवली. "दोन दिवस राहू दे इथं," असं मी तेव्हा म्हणालो होतो. हे वाक्य मला पक्कं आठवतं, कारण पुढं वर्षभर ते मला बायकोच्या तोंडून ऐकावं लागलं.

सीट काढायचं कारण वजन. गाडी हलकी झाली की पळते. ती पळवायची होती पाव मैल, म्हणजे चारशे मीटरला थोडंसं जास्त. उभ्या गाडीनं निघायचं आणि नाकासमोर सुटायचं. वळण नाही, खड्डा नाही, समोरून म्हैस येत नाही. किती सेकंदांत पोचलात, एवढाच हिशेब. शेजारच्या जिल्ह्यात एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी आहे. हिवाळा सरून ऊन तापू लागलं की तिथं रीतसर परवानगीनं या शर्यती होतात. मी पहिल्यांदा गेलो तो एका भाच्याला सोडायला. भाचा परत आला, मी मनानं तिथंच राहिलो.

माझं उमापुरात बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. या धंद्यात माणूस वाट बघतो. मालाचा ट्रक येईल म्हणून वाट बघतो, गिऱ्हाइकाचं बोलणं संपेल म्हणून वाट बघतो, ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली माणसं परत येतील म्हणून वाट बघतो. घरी आलं की जेवणाची, जेवल्यावर झोपेची. पन्नाशी आली तसा मी थकलो तो काम करून नव्हे, ताटकळून. आणि त्या धावपट्टीवर हिरवा दिवा लागला की सोळा-सतरा सेकंद मला कोणी काही विचारू शकत नाही. युरिया आला का, असं त्या वेगाला कोण विचारणार?

गाडी म्हणजे काही तोफ नव्हती. पेट्रोलवरची जुनी सेडान, अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. रोज त्याच गाडीतून चकलांब्याला उधारी मागायला जायचं, गेवराईहून माल आणायचा, भावकीतल्या लग्नात नवरदेव मिरवायचा. तिला मी मोकळा श्वास घेणारा फिल्टर बसवला, सायलेन्सरची नळी रुंद केली, आणि शहरातल्या एका माणसानं लॅपटॉप लावून तिच्या इंजिनाची अक्कल बदलून दिली. त्यानंतर ती चालू केली की समोरच्या घरातली कोंबडी खुराड्यात जायची. स्टेपनी काढली, मॅट काढल्या, शेवटी मागची सीट काढली.

लिंबाखालच्या सीटवर पहिल्या दिवशी माझे थोरले चुलते येऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी आणखी दोघं. आठवडाभरात तिथं गावचा दरबार भरू लागला. कोण कुठल्या बाजूला बसणार हेही ठरून गेलं. चुलते उजवीकडं, कारण त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. सीट आत कधी न्यायची, असं मी विचारलं तर म्हणाले, "राहू दे. बुडाला लई बरं हाय हे. पारावरचा दगड टोचतो आता."

घरात मात्र सीट नसण्याचे हाल सुरू झाले होते. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन अंबाजोगाईला झालेलं. दुसराही तिथंच करायचा, डोळ्या-डोळ्यांत भेदभाव नको, असं तिचं म्हणणं. पण तिचे गुडघे मुडपत नाहीत. तीन तासांच्या त्या रस्त्यावर तिला मागं पाय पसरून बसावं लागतं. भाड्याची गाडी करू म्हटलं तर म्हणाली, "घरची गाडी असताना मी दुसऱ्याच्या गाडीत जाऊ? लोक काय म्हणतील, गाडी जप्त झाली?"

बायकोनं एक दिवस भाकरी थापता थापता निकाल दिला. "एकच शर्यत. सोळाच्या आत आलात तर सीट खुशाल लिंबाखाली कुजू द्या, मी आत्यांना समजावते. न्हाई आलात तर दुसऱ्या दिवशी सीट गाडीत, आन् ती नळी-बिळी समदं काढून गाडी माणसात आणायची."

आत्या म्हणजे तिची सासू, माझी आई. मी मोठ्या ऐटीत कबूल केलं. तोवर माझी सगळ्यात चांगली वेळ साडेसोळा होती. अर्धा सेकंद म्हणजे काय, शिंक यायच्या आत जातो, असं मला वाटलं.

माझ्या मदतीला माझा शाळेतला दोस्त होता. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि उसाच्या हंगामात त्याच्या अंगाला डिझेलचा वास कायमचा चिकटलेला असतो. गेवराई रस्त्यावरच्या कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या मालकानं आम्हाला त्याचं लांबलचक सिमेंटचं आवार सरावाला दिलं होतं. अडचण एकच होती. क्लच सोडला की चाकं जागेवर गरगर फिरायची, आणि गाडी विचार करून निघायची.

"पकड न्हाई," दोस्त म्हणाला. "वजन पायजे."

"अरे, वजन काढायला तर मी सीट काढली."

"ती पळताना. निघताना वजन लागतं बे. उसाची ट्रॉली चिखलात फसली की आमी काय करतो? मागच्या चाकावर चार माणसं चढवतो. चाक रुततं, ट्रॅक्टर निघतो."

हे मला पटलं. आमच्या भागात हे कुणालाही पटलं असतं. डिकीत खताची दोन पोती टाकली. चाकं आणखी फिरली. दोस्त म्हणाला, कमी पडलं. तिसरं टाकलं. चाकांतून धूर आला. चौथं टाकल्यावर गाडी मागून अशी बसली, की तिचं तोंड लिंबाचा पाला खायला वर झालेल्या शेळीसारखं दिसू लागलं. आम्ही दोघं घामानं निथळत होतो. मोबाईलमधलं घड्याळ प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा आकडा दाखवत होतं, आणि दोस्त पाचव्या पोत्याकडं बघत होता.

बायको डबा घेऊन आली होती. ती बराच वेळ भिंतीच्या सावलीत उभी राहून बघत होती. मग तिनं विचारलं, "अहो, ही गाडी मागची चाकं ढकलतात का पुढची वढतात?"

"पुढची," मी म्हणालो.

"मग वझं मागं कावून टाकताय?"

दोस्तानं वाकून पुढच्या चाकांकडं बघितलं.

"शेताच्या वाटंला चिखल असला," ती पुढं म्हणाली, "आन् आत्या मागं बसल्या असल्या, की तुमची गाडी घसरते. मी पुढं बसले की निघते. चार वर्षं बघतेय मी. मला वाटलं तुमाला ठाऊक हाय."

दोस्तानं पाचव्या पोत्यावर हात ठेवला आणि ते झटकल्यासारखं केलं, जणू तो मघापासून त्याच्यावरची धूळच बघत होता. "ट्रॅक्टरला मागची चाकं ढकलतात," तो मला म्हणाला, जसं काही मीच त्याला उलटं शिकवलं होतं. मग आम्ही चारही पोती उतरवली. ती उतरवताना माझ्या कमरेनं जो आवाज केला, तो गाडीच्या नवीन सायलेन्सरपेक्षा मोठा होता.

त्यानंतर गाडी सुधारली. पुढच्या चाकांतली हवा थोडी कमी केली, क्लच सोडताना पाय आवरायला शिकलो. शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी दोस्तानं शेवटचं ज्ञान दिलं. बायको शेजारीच गहू निवडत होती. "हे बघ, सगळं ध्यानात ठेवलंस न्हाई तरी चालंल. एसी तेवढा बंद ठेव. एसी इंजिनाची ताकद खातो. एसी चालू ठेवून सोळाच्या आत यायचं नाव सोड."

"आमच्या उन्हात?"

"सोळा सेकंदांत तू काय वितळणार हायेस का?"

धावपट्टीवर आम्ही तिघं गेलो. तपासणीच्या माणसानं गाडीत डोकावलं आणि विचारलं, "मागची सीट कुठाय?"

"गावाकडं आहे. तिच्यावर माणसं बसलीत," मी म्हणालो. त्यानं हेल्मेट तपासलं आणि आणखी काही विचारलं नाही.

माझ्या वाट्याला तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत हिरवा दिवा लागला आणि मी आधी हॉर्न वाजवला. सवय. उमापूरच्या बाजारातून हॉर्न न वाजवता गाडी कोण काढतं? हॉर्न वाजवून मी समोर कोणी बाजूला होतंय का हे बघितलं, आणि मग निघालो. सतरा. माइकवर बोलणारा माणूस म्हणाला, "उमापूरची गाडी अत्यंत सुसंस्कृत आहे." लोक हसले. मीही हसलो, हेल्मेटच्या आत.

दुसऱ्या फेरीत हॉर्नवरचा हात आवरला. शेजारच्या लेनमध्ये पुण्याकडचे एक दंतवैद्य होते. ते शेवटपर्यंत माझ्या पुढं राहिले, पण त्यांच्याशी माझं भांडण नव्हतंच. फलकावर आकडा आला, सव्वासोळा. दोस्त लांबूनच दोन्ही हात वर करून आला, जशी निवडणूक जिंकली.

तिसऱ्या फेरीसाठी रांग लागली. आणि मग, ज्या गोष्टीपासून पळायला मी चारशे मीटर शोधले होते, तीच गोष्ट सुरू झाली. वाट बघणं. कुणाच्या तरी गाडीचं तेल पट्टीवर सांडलं होतं, ते पुसत होते. ऊन असं, की पत्र्याला हात लावता येईना. दोस्त सावली शोधत निघून गेला. बायको छत्रीखाली बसून बसून कंटाळली आणि येऊन माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर बसली. गाडी एकेक पाऊल सरकत होती. माझी कमर दुखत होती. हेल्मेट मांडीवर होतं. मला खरं सांगायचं तर तिथंच झोपावंसं वाटत होतं.

"लई थकलात," ती म्हणाली.

"हं."

"घरी गेल्यावर दोन दिवस दुकान मी बघते."

रांग अचानक हलली. झेंडीवाल्यानं बोलावलं. बायको उतरली, दार लावलं, आणि काचेवर बोटानं टकटक केलं. मी हेल्मेट घातलं आणि रेषेवर गेलो.

ती फेरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात नेटकी फेरी. चाकं अगदी थोडी फिरली आणि चिकटली. दुसरा गिअर, तिसरा गिअर, लोण्यातून सुरी जावी तसे पडले. दंतवैद्य कुठं आहेत ते मी बघितलंसुद्धा नाही. मला फक्त एवढं जाणवत होतं की मी शांत आहे, अंग हलकं आहे, मानेवरून छान गार वारं जातंय. म्हातारपणी देव भेटतो म्हणतात तसं काहीसं असावं, असं मला वाटलं.

फलकावर सोळा आला. सोळा, आणि पुढं टिंबानंतर शून्य आणि तीन. सोळाच्या आत नाही. सोळाच्या केसभर बाहेर.

गाडी वळवून मी परत येत होतो, आणि मानेवरून अजून गार वारं जात होतं. काचा बंद होत्या. मी खाली बघितलं. एसीचं बटण उजळलेलं होतं, वारा शेवटच्या आकड्यावर.

बायको कडेला उभी होती. मी काच खाली केली. दोस्त पळत येत होता, तो पोचायच्या आत मला विचारायचं होतं.

"एसी तू लावलास?"

"रांगेत उकडत होतं की."

"उतरताना बंद का नाही केलास?"

तिनं माझ्याकडं बघितलं. गहू निवडताना खडा दिसला की ती जशी बघते, तसं. "तुमाला गार वाटत व्हतं ना?" ती म्हणाली.

वाटत होतं. त्याचं उत्तर खोटं देता येईना. दोस्त आला, फलक बघून त्यानं कपाळाला हात लावला आणि विचारलं, कशानं गेलं? मी म्हणालो, उन्हानं. परतीच्या वाटेवर तो मागं, उघड्या पत्र्यावर, पोतं टाकून झोपला. बायको पुढं बसून झोपली. मी एका उसाच्या ट्रॉलीच्या मागं लागलो आणि ओव्हरटेक करायचा कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन लिंबाखाली गेलो. दरबार भरलेला होता.

"काका, उठा जरा. सीट न्यायची हाय."

"कावून?"

"शर्यत हरलो."

"शर्यत तू हरलास," चुलते म्हणाले. "मग उठायचं आमी का?"

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. मी आईच्या डोळ्याची गोष्ट काढली, गुडघ्यांची काढली. चुलत्यांनी उजवा कान पुढं केला. दुकानातल्या प्लास्टिकच्या तीन खुर्च्या आणून ठेवल्या तेव्हा कुठं ते उठले, तेही एक खुर्ची डगमगते अशी तक्रार करत. सीट उचलली तर तिला उजवीकडं चुलत्यांच्या आकाराचा खड्डा पडला होता, आणि शिवणीत चुना, सुपारी आणि एक हरवलेली चष्म्याची काडी.

सीट बसवली. फिल्टर, नळी हळूहळू काढू, असं बायकोला सांगितलं. हळूहळू म्हणजे कधी, हे तिनं विचारलं नाही.

आईला घेऊन अंबाजोगाईला निघालो. ती मागं पाय पसरून बसली, दोनदा सरकली, मग म्हणाली, "ह्या शीटवर कोण बसलं व्हतं? मी सारखी उजवीकडं घरंगळतेय." मी म्हणालो, काका. ती म्हणाली, "वाटलंच," आणि उशी त्या खड्ड्यात भरून निजली.

गेवराईच्या पुढं रस्ता सरळ आणि मोकळा लागला. पाय आपोआप जड झाला. सायलेन्सर गुरगुरला. बायकोनं रस्त्यावरची नजर न काढता हात पुढं केला आणि एसी लावला.